बेळगावची थंडी आणि कुंडीवरचं लेबल

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात पहिल्या पानावर बेळगाव गारठल्याची बातमी होती, पारा ११ वर आणि खाली शेकोटीचा फोटो. मी ते कात्रण कॅनडात विनिपेगला असलेल्या भाचीला पाठवलं तर तिचा लगेच फोन आला, "आत्या, ११ ला शेकोटी? आमच्याकडं ११ झालं की पोरं हाफ पँट घालून सायकली काढतात." तिथं जानेवारीत रात्री उणे तीसपर्यंत पारा उतरणं नेहमीचंच, त्यामुळं तिचं म्हणणं तिच्या जागी खरं आहे. पण फोन ठेवून मी परड्यात गेले तर केळीचा पोगा (नवीन गुंडाळलेलं पान) आठ दिवस झाले तसाच अडकलेला, तुळस काळवंडून तिची पानं गळायला लागलेली, मिरचीची रोपं पिवळी पडलेली. म्हणजे थंडी आहे का नाही? झाडं तर आहे म्हणतायत. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही म्हणून हे पत्र लिहितेय, जरा मोठं झालंय, जागा असेल तर छापा.

आमच्या आजीकडं थर्मामीटर नव्हता. ती थंडी मोजायची ती खोबरेल तेलाच्या बाटलीवर. तेल थिजलं की थंडी लागली, बाटली चुलीजवळ ठेवल्याशिवाय तेल निघेना झालं की कडाक्याची लागली, आणि इडलीचं पीठ रात्रभरात वर येईना झालं की पौष आला. (खोबरेल तेल साधारण २४ डिग्रीच्या खाली थिजायला लागतं, म्हणजे हे मोजमाप बिनबुडाचं नव्हतं.) शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते हे तर सगळ्यांनाच पाठ आहे. तिच्या हिशोबात उणे आकडा कधी आलाच नाही कारण त्याची गरजच नव्हती.

आणि गंमत नाही, झाडाचं पण असंच आहे हे मला खूप उशिरा कळलं. केळी, तुळस, जास्वंद, मिरची ही उष्ण मुलखातली झाडं, यांच्या पेशींना जो पातळ पडदा असतो त्यात चरबी असते आणि ती थंडीत खोबरेल तेलासारखी घट्ट व्हायला लागते. मग पेशीत आत बाहेर जे ये-जा करायला पाहिजे ते अडतं, पाणी नीट चढत नाही, पान पिवळं नाहीतर काळं पडतं. यासाठी बर्फ लागत नाही, १०-१२ डिग्री पुरे होतात. पटत नसेल तर पिकलेलं केळं फ्रिजमधे ठेवून बघा, साल काळी पडते ना, तिथं कुठं बर्फ असतो, चार-पाच डिग्री असतात फक्त. उलट थंड मुलखातल्या झाडांच्या पडद्यातली चरबी करडईच्या तेलासारखी, गारठ्यात पण पातळ राहणारी. शिवाय ती झाडं दिवस लहान व्हायला लागले की हळूहळू तयारीला लागतात, पेशीत साखर साठवतात, पेशीतलं पाणी बाहेर सोडतात म्हणजे बर्फ झाला तरी पेशींच्या मधल्या जागेत होतो, पेशी फुटत नाही. ही तयारी व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून भाचीकडं जे झाड जानेवारीत उणे तीस सोसतं तेच झाड ऑक्टोबरात अचानक उणे दहा झालं तर मरू शकतं, हे तिनंच सांगितलं. आणि तिच्याकडं बर्फ हा शत्रू नाही, ती म्हणते जमिनीवर फूटभर बर्फ पडला की मुळांवर वाकळ घातल्यासारखं होतं, बर्फ न पडता नुसता गारठा आला त्या वर्षी जास्त झाडं जातात.

आता मूळ मुद्द्यावर येते, तो म्हणजे लेबल. हल्ली ऑनलाईन रोपं मागवायचं फार झालंय, आमच्या टिळकवाडीतच प्रत्येक चार घरांमागं एकाकडं तरी खोकं येतं. मी पण तीन वर्षांपूर्वी एका ऑनलाईन दुकानातून लव्हेंडरची चार रोपं मागवली, लेबलवर लिहिलेलं, हार्डी, झोन ५ ते ९. मला वाटलं हार्डी म्हणजे चिवट, काटक, आपल्याकडं तर सहज जगेल. डिसेंबर जानेवारीत मस्त होती, मार्चमधे वास यायचा, आणि आषाढात दहा दिवस सलग पाऊस लागला तशी चारही मुळातनं कुजून गेली. दुकानात विचारलं तर उत्तर आलं की झाड हार्डीच आहे, तुमची काळजी कमी पडली. मला तेव्हा फार वाईट वाटलं, कारण मी काळजी घेतली होती, पैशापेक्षा ते बोलणं लागलं.

मग हे झोन म्हणजे काय ते शोधून काढलं. अमेरिकेच्या कृषी खात्याचा एक नकाशा आहे, पहिला १९६० मधे निघाला, मग १९९०, २०१२ आणि आता २०२३ मधे नवीन. त्यात एकच गोष्ट बघतात, वर्षातली सगळ्यात थंड रात्र किती डिग्रीला गेली, आणि तीस वर्षांच्या अशा सगळ्यात थंड रात्रींची सरासरी. त्यावरनं १ ते १३ झोन, दर झोनला १० डिग्री फॅरनहाइटचा फरक आणि प्रत्येकाचे ए आणि बी असे दोन भाग. १ म्हणजे अलास्कासारखा भाग, १३ म्हणजे जिथं सगळ्यात थंड रात्र पण १५-१६ च्या खाली जात नाही. बस एवढंच. उन्हाळा किती, पाऊस किती, हवा किती दमट, यातलं काहीच त्यात नाही. हार्डी म्हणजे तिथं फक्त एवढाच अर्थ, की अमुक इतक्या गारठ्यात मरत नाही. आपण त्याचा अर्थ काटक असा घेतो आणि फसतो.

माझ्याकडं परड्यात भिंतीपासून लांब सावलीला चार फुटावर किमान-कमाल थर्मामीटर आहे आणि वही आहे. वर्षातली सगळ्यात थंड पहाट माझ्या वहीत बहुतेक वेळा ९ ते ११ च्या मधे असते. सरासरी १० धरली तर आपण ११-बी आणि १२-ए च्या बरोबर कुंपणावर येतो (१० डिग्री म्हणजे ५० फॅरनहाइट, तिथंच ती रेघ आहे). लव्हेंडरच्या लेबलवर ५ ते ९. म्हणजे आपण त्या लेबलच्या बाहेरच होतो, फक्त वरच्या बाजूनं, आणि वरचा आकडा कुणी बघतच नाही कारण आपल्याला वाटतं भीती थंडीचीच. आणखी एक विचार करा, नकाशा मोजतो फक्त गारठा, मग वरचा आकडा आला कुठनं? तो अनुभवानं घातलेला असतो, की त्याच्या वर ऊन, दमट हवा किंवा थंडीची झोप न मिळणं यानं झाड टिकत नाही. पण यातलं नेमकं कशानं ते लेबल सांगत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच पाहिजे असतं.

या एका आकड्यानं तिकडचे पण लोक फसतात. ब्रिटनच्या उत्तर टोकाची शेटलंड बेटं आणि अमेरिकेतल्या अलाबामाचा दक्षिण भाग, दोन्ही झोन ८ आणि ९ च्या सीमेवर, हिवाळ्यातली थंड रात्र सारखीच. पण शेटलंडला उन्हाळ्यात पण स्वेटर लागतो आणि अलाबामात कापूस पिकतो. म्हणून १९९७ मधे अमेरिकेतल्या बागकाम सोसायटीनं उन्हाळ्याचा वेगळा नकाशा काढला, वर्षात किती दिवस पारा ३० च्या वर जातो यावर. कॅनडावाल्यांनी तर १९६७ मधेच सात गोष्टी एकत्र धरल्या, थंड महिन्याचं किमान तापमान, दहिवर न गोठणारे दिवस, पाऊस, उन्हाळ्याचं कमाल तापमान, बर्फाचा थर, वारा असं सगळं. मला हे फार आवडलं, कारण बर्फाची वाकळ जिथं आहे तिथं ती हिशोबात धरायलाच पाहिजे. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची तिसरीच पद्धत, एच-१ पासून एच-७ पर्यंत, आणि ती उलटी वाचायची, एच-७ म्हणजे उणे वीसच्या खाली पण टिकणारं आणि एच-१ म्हणजे काचघरातलं नाजूक. त्या यादीत आपली केळी, जास्वंद ही एच-१ मधे जातात, लाडाची, हीटर लावून सांभाळायची. इकडं तीच जास्वंद कुणी लक्ष न देता कंपाउंडवर वाढते! शब्द तोच नाजूक, शब्द तोच काटक, जागा बदलली की अर्थ बदलला.

हे परदेशाचं झालं, पण आपलं हवामान खातं पण थंडी एका आकड्यानं मोजत नाही, हे किती जणांना माहीत आहे? थंडीची लाट म्हणायची तर सपाट प्रदेशात किमान तापमान १० किंवा खाली पाहिजे, डोंगराळ भागात शून्य किंवा खाली, आणि ते नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार डिग्रीनं तरी कमी पाहिजे. किनारपट्टीला १५ किंवा खाली असलं तरी लाट म्हणतात, फक्त सरासरीपेक्षा साडेचारनं घसरलेलं पाहिजे. म्हणजे चोर्ला घाट उतरून खाली गोव्यात गेलं की थंडीची व्याख्याच बदलते, दोन तासाच्या रस्त्यात. मग भाचीनं हसायचं कारण नाही आणि आपण पण तिच्याशी वाद घालायचं कारण नाही, थंडी ही त्या जागेच्या नेहमीच्या हवेच्या तुलनेतच मोजायची गोष्ट आहे. (साहेब, ११ ला आपल्या बातमीत थंडीची लाट असा शब्द होता, तेवढा जरा तपासून वापरावा ही विनंती. १० ची अट आहे.)

आपल्या जिल्ह्याचंच घ्या. बेळगाव शहर साडेसातशे मीटरच्या वर, पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबी, जिथं मलप्रभा उगवते, तिथं पाऊस म्हणजे पाऊसच, आणि पूर्वेला अथणी, तिथं त्याच्या पाव हिश्श्याइतका पण पडत नाही. बातमीत आकडा येतो तो सांबऱ्याचा, म्हणजे विमानतळाकडचा. सांबऱ्याच्या आकड्यावर खानापूरच्या बाईनं आणि निपाणीच्या दादांनी रोपं झाकायची का नाही ठरवायचं का? आमच्याकडं बागेच्या कामाला येणारे मामा खानापूर तालुक्यातले, ते सांगतात, "बाई, गारठा ओढ्याकाठी बसतोय बघा, माळाला न्हाई. आमच्या खालच्या शेतातला वाटाणा वरच्यापेक्षा आठ दिस मागं ऱ्हातोय." हे अगदी बरोबर आहे, रात्री वारा पडला आणि आभाळ स्वच्छ असलं की जमीन आपली उब वर सोडून देते, तिच्या लगतची हवा गार होऊन जड होते आणि पाण्यासारखी उतारानं खाली वाहत जाऊन खोलगट जागी साठते. म्हणूनच चार फुटावर १० दाखवणारा थर्मामीटर गवतावर ठेवला तर सात-आठ दाखवतो, मी करून बघितलंय. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दहिवर गोठल्याचे फोटो येतात ना दरवर्षी, तेव्हा पण हवेचं तापमान शून्याच्या वरच असतं, गोठतं ते पानावर, गवतावर, गाडीच्या टपावर.

आणि एक गोष्ट थंड देशात नाही ती आपल्याकडं आहे. इथं पहाटे ११ असलं तरी दुपारी २८-२९ होतं, जमीन आतनं कधी गार पडत नाही, मुळं उबेतच राहतात. त्यामुळं पानं गेली तरी झाड परत फुटतं. तुळस वरनं वाळली म्हणून उपटून टाकू नका हो, वरनं थोडी छाटा, पाणी कमी करा, माघात खोडाला फुटवे येतात. लोक पौषात तुळस टाकून देतात आणि शिवरात्रीला नवीन आणतात, ते बघून मला खरंच वाईट वाटतं.

थंडी नुसती वैरी पण नाही. आंब्याला मोहोर यायचा तर रात्री काही आठवडे पंधराच्या आसपास किंवा खाली यायला पाहिजेत, नाहीतर नुसती पालवी फुटते. काजूला, हरभऱ्याला, मसुरीला, शाळूला थंडी पाहिजेच. भात कापल्यावर त्याच ओलीवर टाकलेली खानापूरकडची मसूर थंडीवर आणि दहिवरावर येते, वरनं पाणी कोण देतंय तिला. मळभ आलं, धुकं धरलं, उकाडा झाला की मोहोरावर भुरी आणि तुडतुडे, मग माणसं हळहळतात. माझ्या वहीत ज्या वर्षी डिसेंबरात ढगाळ राहिलं त्या वर्षी आमच्या आंब्यासमोर मी फुली मारलेली आहे.

सफरचंदाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही कारण सध्या त्याचीच जाहिरात जोरात आहे. थंड देशातल्या झाडाला हिवाळ्याची झोप लागते, आणि ती झोप पुरी झाली हे ते झाड तास मोजून ठरवतं, साधारण सात डिग्रीच्या खालचे तास. काश्मीर हिमाचलच्या जुन्या जातींना असे हजारभर तास लागतात. बेळगावात पारा सातच्या खाली एक तास गेला तरी बातमी होईल. म्हणून बी लावून किंवा बाजारातल्या कुठल्याही कलमातनं फळ येणार नाही. कमी थंडीत येणाऱ्या जाती आहेत, इस्राएलची अॅना, बहामाची डॉर्सेट गोल्डन, आणि आपल्या देशातली एचआरएमएन-९९, जी हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यात हरिमन शर्मा या शेतकऱ्यानं तयार केली आणि त्यांना २०२५ मधे पद्मश्री मिळाली. घ्यायचंच असेल तर जातीचं नाव विचारून घ्या. आणि नुसतं लावून सोडू नका, इंडोनेशियात जावा बेटावर बातू शहराच्या परिसरात थंडी नसताना सफरचंद घेतात, ते लोक पानं हातानं ओरबाडून काढतात, मग झाडाला वाटतं हिवाळा होऊन गेला आणि कळी फुटते. ऐकायला विचित्र वाटेल पण आपल्या अथणीच्या द्राक्षवाल्यांना यात नवल वाटणार नाही, ते तरी काय करतात, एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी. थंड देशात द्राक्षवेल हिवाळ्यात आपोआप झोपते आणि वर्षाला एकच छाटणी होते, आपल्याकडं वेल झोपतच नाही म्हणून कात्रीनं दोनदा वळण द्यायला लागतं. किती मोठं ज्ञान आहे हे, आणि आपल्या शेजारच्या तालुक्यात आहे, पण आमच्या बागेच्या बायकांच्या ग्रुपवर फिरतात ते परदेशी व्हिडिओ, ऑक्टोबरमधे ट्युलिपचे कंद लावा म्हणून. ट्युलिपला तीन-चार महिने गारवा लागतो, इथं लावायचे तर आधी फ्रिजमधे ठेवावे लागतात आणि तरी फूल एकदाच.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या भागाला आपला झोन आपणच ठरवावा आणि तो नुसत्या गारठ्यावर नको, पावसावर पाहिजे. इथं परदेशी झाड मरतं ते थंडीनं नाही, जून ते सप्टेंबरच्या ओलीनं, हे माझं पंधरा वर्षांचं बघणं आहे. लव्हेंडर, रोझमेरी, सक्युलंट, सगळ्यांची तीच कथा. रोझमेरी मी आता पत्र्याच्या शेडखाली वाळू आणि विटांचा चुरा घालून ठेवते, तर दोन पावसाळे निघालेत. आपल्या नर्सरीवाल्यांना हात जोडून सांगणं आहे की झोन नंबर छापण्यापेक्षा मराठीत आणि कन्नडमधे दोन ओळी लिहा, किती डिग्रीला पान खराब होतं आणि सलग पाऊस सोसतं का. गिऱ्हाईक फसणार नाही आणि परत तुमच्याकडंच येईल. काही जण तोंडी सांगतात पण, खोटं कशाला बोलू, फक्त लेबलवर ते उतरत नाही.

आणि संपादक साहेब, आपल्याकडं मागणं आहे. रोजच्या हवामानाच्या चौकोनात बेळगावसोबत खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी यांचं किमान तापमान मिळालं तर छापा. सरकारी आकडा मिळत नसेल तिथं एखाद्या शाळेत किमान-कमाल थर्मामीटर बसवून पोरांना रोज सकाळी लिहायला लावता येईल, सहावी-सातवीची पोरं हे आवडीनं करतील. वाचकांनी पण वर्षातली आपल्या परड्यातली सगळ्यात थंड पहाट, मोहोराची तारीख आणि पावसाळ्यात कुठलं झाड कुजलं एवढं लिहून ठेवावं आणि मार्चमधे आपल्याकडं पाठवावं, आपण एक पान द्या त्याला. माझी वही मी झेरॉक्स काढून द्यायला तयार आहे.

आज पहाटे साडेसहाला परड्यात १०.५ होतं, गवतावर ८. केळीला पाचट लावलंय आणि मिरचीवर संध्याकाळी गोणपाट टाकणार आहे. आंब्याच्या पूर्वेकडच्या फांदीवर काल पहिला मोहोर दिसला.

आपली नम्र,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव